हॉबर्टला पडलेलं दुसरं मत

वेल्मा प्रुइट एके काळी शहराची महापौर होती, हे तिच्या माहेरच्यांना शेवटपर्यंत खरं वाटलं नाही. त्यांचं तरी काय चुकलं? महापौर असतानाही बाई रोज सकाळी कपडेपटात बसून अस्वलाच्या सोंगाच्या फाटक्या बगलेला टाके घालत होती. दुपारी जेवणाच्या सुट्टीत सभा. कचेरीतले मिस्टर किम्बल ठराव वाचायचे, पाच हात वर जायचे, आणि डब्यातलं सँडविच संपायच्या आत शहराचा कारभार आटपून वेल्मा पुन्हा अस्वलापाशी हजर. जॉर्जियाच्या हद्दीजवळ तंबाखू पिकवणाऱ्या तिच्या भावानं एकदा फोनवर विचारलं होतं, “महापौर म्हणजे तुला गाडी दिली का गं?” ती म्हणाली, “गाडी नाही रे, सुई नवी दिली.”

ओसीना बे हे शहर होतं, पण कागदावर. करमणुकीचं पार्क, हॉटेलं, तळी, होड्या, झगमगाट, सगळं कंपनीचं. रस्ते, गटारं, बांधकामाचे परवाने बाहेरच्या कुणाच्या हातात जायला नकोत, म्हणून कंपनीनं आपलं स्वतंत्र शहर काढलं. शहर म्हटलं की मतदार लागतात, म्हणून तळ्याच्या कडेला, सायप्रसच्या झाडांमागे, पाहुण्यांना दिसणार नाही अशा बेतानं चाकांवरच्या घरांची एक गल्ली वसवली आणि तिथं आपलीच निवडक माणसं आणून ठेवली. वीसेक मतदार. भाडं नावाला. नोकरी आहे तोवर घर, आणि कंपनीची मर्जी आहे तोवर नोकरी. हे कुणी कुणाला बोलून दाखवत नसे, कारण न बोलता सगळ्यांना पाठ होतं.

वेल्मा एकोणिसाव्या वर्षी इथं आली. आधी ती स्वतःच अस्वलाच्या आत असे. फ्लोरिडाच्या उन्हाळ्यात ते केसाळ डोकं घालून पोरांना मिठ्या मारायच्या म्हणजे काय असतं, ते आत शिरलेल्यालाच ठाऊक. मग कंबर गेली आणि ती शिवणाला बसली. पण कामावर पहिल्या आठवड्यात जे शिकवलं होतं, ते मात्र हाडामांसात मुरलं. पाहुण्याला एका बोटानं दिशा दाखवायची नाही, अख्खा तळवा पुढे करायचा. आणि पाहुण्याला ‘नाही’ म्हणायचं नाही. कधीच नाही. पाऊस धो धो कोसळत असताना कुणी विचारलं, आतषबाजी होईल ना, तर हसून म्हणायचं, “नक्की! ढग जरा सरकू देत.”

ही सवय कामावर ठेवून घरी येता येत नाही. त्या गल्लीत कुणी कुणाला तोंडावर ‘नाही’ म्हटलेलं ऐकू यायचं नाही. वेल्माच्या नवऱ्यानं, रॉईसनं, एका संध्याकाळी दाराशी बॅग ठेवून विचारलं होतं, “मी गेलो तर तुझं चालेल ना?” आणि हिच्या तोंडून सवयीनं गेलं, “नक्की.” तो टेक्सासला गेला तो गेलाच. मागून ती दोन दिवस भिंतीकडे बघत बसली होती.

त्या वेळी नेटी लाईल आली. शेजारच्या घरातली. हातात कोंबडीच्या रश्श्यातल्या कणकेच्या गोळ्यांचं पातेलं. न विचारता आत शिरली आणि म्हणाली, “तू रडणार असशील तर आधी खाऊन घे. रिकाम्या पोटी रडलं की डोकं धरतं.” आठवडाभर ती तिथंच निजली. तिचा नवरा हॉबर्ट तळ्यातली फेरीबोट चालवायचा. वादळात वेल्माच्या घराचा पत्रा उडाला तेव्हा तोच वर चढून तो ठोकत होता आणि खालून नेटी ओरडत होती, “अहो, पडाल! मग बोट काय मी चालवू?”

नेटी पार्कातल्या मिठाईच्या दुकानात लोकांसमोर चॉकलेटच्या वड्या थापायची. पुढे मधुमेह झाला आणि दृष्टी हळूहळू जात जात पार गेली. तेव्हा हॉबर्टनं घराच्या पायरीपासून तळ्याच्या धक्क्यापर्यंत झाडाझाडाला दोर बांधून दिला. दोराला हात लावत नेटी रोज एकटी धक्क्यावर जाऊन बसायची. समोरून फेरीबोट गेली की हॉबर्ट भोंगा वाजवायचा आणि ती हात हलवायची. बोटीतल्या पाहुण्यांना वाटायचं, ही गोड म्हातारी आपल्यालाच हात करतेय. तेही करायचे. नेटीला त्याची फार मजा वाटे. “आज बोट भरलेली होती का गं?” असं संध्याकाळी ती वेल्माला विचारायची. “मी कुणाकुणाला हात केला कोण जाणे!”

तर त्या तळ्याकाठी कंपनीला नवं हॉटेल हवं होतं. गल्ली उचलून बस डेपोच्या मागे न्यायची असं ठरलं. घरं नवी मिळणार होती, भिंतींना रंग, दाराशी कुंड्या. पण तिथं ना तळं, ना झाडं. बसच्या येण्याजाण्याचा मोठा रस्ता मध्ये. नेटीनं तिथं एकटीनं पाऊल टाकायचं म्हणजे जिवावरचं काम. शहराच्या नियमाप्रमाणे वस्ती हलवायची तर सभेतले पाचही हात वर जावे लागत. हा नियम बदलावा असं कुणाला कधी वाटलं नव्हतं, कारण हात नेहमी पाचच्या पाच वर जात. आणि नेमकी त्याच वेळी सभेतली एक जागा रिकामी झाली.

मिस्टर किम्बल शहर कचेरी सांभाळत. नेमणूक कंपनीची, पगार शहराचा, की उलट, हे वेल्माला महापौर असतानाही उलगडलं नव्हतं. जागा रिकामी झाली की ते एक नाव सुचवत, दुसरं नाव येत नसे, मतदान करावंच लागत नसे. या खेपेस त्यांनी मॅरिबेल ऑल्डन हिचं नाव सुचवलं. हॉटेलच्या कचेरीतली तरतरीत मुलगी, गल्लीत येऊन वर्ष झालं होतं. आणि मग अघटित घडलं. हॉबर्ट लाईलनं आपलं नाव दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वेल्माच्या पायरीशी आला. “कॉफी आहे का?”

“तुझ्यासाठी नाही असं झालंय कधी? ये, आत ये.”

“मी उभा राहतोय, वेल्मा.”

“ते ऐकलं मी. अख्ख्या गल्लीनं ऐकलं. आता जरा बस.”

तो बसला. बोटीवरची टोपी गुडघ्यावर ठेवून फिरवत राहिला. “मला राजकारण करायचं नाही गं. मला एकदाच हात खाली ठेवायचाय. एवढंच. पाचातला एक खाली राहिला की गल्ली जागच्या जागी राहते. नेटीला त्या डेपोमागे मी कुठं नेऊ? तिथं दोर बांधायला झाड नाही.”

“खरंय रे.”

“मत देशील ना?”

“नक्की, हॉबर्ट,” वेल्मा म्हणाली.

आणि ती खोटं बोलत नव्हती. त्या क्षणी तिला तसंच वाटत होतं. पण ‘नक्की’ हा शब्द तिनं आयुष्यात इतका वापरला होता की तो कधी खरा असतो हे तिचं तिलाही ओळखू येत नसावं. हॉबर्ट घरोघरी फिरला. घरोघरी त्याला हेच उत्तर मिळालं. चाळीस वर्षं याच नोकरीत घालवलेल्या माणसानं खरं तर या ‘नक्की’ची किंमत ओळखायला हवी होती. पण गरजवंताला अक्कल नसते. तो शीळ घालत घरी गेला.

चारच दिवसांनी मिस्टर किम्बल कपडेपटात आले. ते या बाजूला सहसा फिरकत नसत. वेल्माच्या मांडीवर खारीचं डोकं होतं, एक कान सुटलेला.

“वा! काय बारीक टाका आहे,” ते म्हणाले. “दिसतसुद्धा नाही.”

“दिसला तर तो टाका कसला, मिस्टर किम्बल?”

ते हसले. “नव्या वस्तीचा नकाशा पाहिलात का? कोपऱ्यावरचं घर छान आहे. व्हरांडा आहे त्याला. तुम्हाला आवडेल असं वाटलं.”

“छान असेल की.”

“आणि तुमची कामाची अजून किती वर्षं, वेल्मा?”

“हात चालतील तोवर.”

“उत्तम. तुमच्यासारखी माणसं आम्हाला हवीच आहेत.” खारीच्या डोक्यावर एक टपली मारून ते निघून गेले.

धमकी नाही, दरडावणी नाही, आवाज चढलेला नाही. कुणी साक्षीला असतं तर म्हणालं असतं, किती भला माणूस. वेल्माच्या बोटात मात्र सुई घुसली होती आणि ते तिला रक्त खारीच्या पांढऱ्या गालाला लागल्यावर कळलं. तिचं वय साठीच्या पुढे. या गल्लीबाहेर तिच्या नावावर एक खोली नव्हती. भावाच्या दारात उभं राहायचं तर भावजय काय तोंड करील ते तिला इथूनच दिसत होतं. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, असं मन म्हणायला लागलं, आणि एकदा मन असं म्हणायला लागलं की त्याला पुढची कारणं शोधून द्यावी लागत नाहीत.

मतदान अग्निशमन केंद्रात होतं. बंब बाहेर काढून आत टेबल मांडलं होतं. केंद्राचा कॅप्टन रुबेन ओकासिओ मतपेटीपाशी बसला होता. वेल्मा गेली तेव्हा हॉबर्ट बाहेर बाकावर इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. एकटाच.

“नेटी नाही आली?”

“पाय सुजलेत तिचे. घरीच आहे.” मग तो हसून म्हणाला, “जा, जा. काळजी नको करूस. सगळ्यांनी शब्द दिलाय.”

पडद्याआड वेल्मा पेन्सिल घेऊन उभी राहिली. दोनच नावं. हॉबर्टच्या नावापुढचा चौकोन तिला दिसत होता. नेटीचं पातेलं आठवलं. पत्र्यावर चढलेला हॉबर्ट आठवला. आणि मग तिला एक सोयीचा विचार सुचला. सगळ्यांनी शब्द दिलाय. म्हणजे हॉबर्ट येणारच. मग आपल्या एका मतानं काय अडतंय? शहर एवढंसं, मतं मोजकी, कुणी कुणाला दिलं हे किम्बलसाहेबांना वासावरून कळेल. हॉबर्ट निवडून येईल, गल्ली राहील, आणि आपलंही कुणी वाकडं करणार नाही. सापही मरेल आणि काठीही तुटणार नाही. तिनं मॅरिबेल ऑल्डनच्या चौकोनात फुली मारली, कागद दुमडला, आणि पेटीत टाकताना रुबेनकडे बघून हसली.

शहाणपण हे असं असतं. त्या दिवशी पडद्याआड जो जो गेला त्याला त्याला हेच शहाणपण सुचलं.

संध्याकाळी सगळे केंद्रात जमले. रुबेननं कागद उघडले, पुन्हा एकदा उघडून पाहिले आणि घसा खाकरला. “हॉबर्ट लाईल, दोन. बाकीची सगळी मिस ऑल्डन.”

टाळ्या कुणी वाजवायच्या हेच कुणाला कळेना. मॅरिबेलसुद्धा लाल झाली. सगळे जमिनीकडे बघत होते. प्रत्येकाला आपल्यासारखाच बाकीच्यांनीही दगा दिल्याचा धक्का बसला होता, आणि त्यासाठी बाकीच्यांवर रागावताही येत नव्हतं. हॉबर्ट उठला. त्यानं अख्खा तळवा पुढे करून मॅरिबेलशी हात मिळवला, सगळ्यांकडे बघून हसला आणि म्हणाला, “आलात, बरं वाटलं.” पाहुण्यांना बोटीतून उतरवताना म्हणतात तसं. मग तो एकटाच तळ्याच्या कडेनं घराकडे गेला. वेल्माला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला वाटलं, आत्ता धावत जावं. पण पाय हलले नाहीत.

रात्रभर तिनं ठरवलं की जाऊन कबूल करायचं. सकाळी केळ्याचं पुडिंग केलं, कारण नेटीला ते आवडे, आणि रिकाम्या हातानं कबुली द्यायचा धीर तिच्यात नव्हता. दार नेटीनं उघडलं.

“वेल्मा? तूच ना? ये.”

आत टेबलावर भांडीच भांडी. कुणाचा मक्याचा पाव, कुणाचा केक, रुबेनच्या बायकोनं पाठवलेला डुकराच्या मांसाचा भात. घरात मयत झाल्यावर शेजारी आणतात तसं. हॉबर्ट कामावर गेला होता. नेटी चाचपडत खुर्चीवर बसली. तोंड उतरलेलं. आपल्या न दिसणाऱ्या डोळ्यांनी वेल्माच्या आवाजाच्या दिशेला बघत ती म्हणाली, “तू तरी सांग गं. आमचं काय चुकलं?”

वेल्मानं तोंड उघडलं. सगळं जिभेवर आलं होतं. आणि निघालं ते भलतंच. “नेटी, ते दुसरं मत माझं होतं.”

नेटीनं मान हलवली. मग तिनं हात पुढे केला, वेल्माचा हात शोधून त्यावर थोपटलं आणि म्हणाली, “थँक्यू, वेल्मा.”

वेल्माचा जीव हलका झाला. खोटं बोलून माणसाचा जीव किती हलका होतो, हे लाजिरवाणं आहे पण खरं आहे. घरी जाईपर्यंत तर तिला जवळजवळ वाटायला लागलं होतं की आपण फुली हॉबर्टपुढेच मारली होती.

पुढच्या सभेत पाच हात वर गेले. गल्ली उचलली. झाडांचा दोर हॉबर्टनं स्वतः सोडला, गुंडाळून ट्रकमध्ये टाकला. वेल्माला कोपऱ्यावरचं, व्हरांड्याचं घर मिळालं. तिनं ते मागितलं नव्हतं. पण नाकारलंही नाही.

डेपोमागे नेटी घरात बसून राहू लागली. दिवसभर बसेस घरघरत. फेरीबोटीचा भोंगा इथवर येत नसे. वेल्मा दर रविवारी पुडिंग घेऊन जायची आणि नेटीला हाताला धरून डेपोच्या कडेनं फिरवून आणायची. गल्लीतले लोक म्हणत, मैत्रीण असावी तर अशी. हॉबर्ट प्रत्येक वेळी दार उघडताना म्हणायचा, “आलीस? थँक्यू, वेल्मा.” नेटीही म्हणायची. वेल्मा ते घेत राहिली. सुरुवातीला ते टोचायचं, मग टोचेनासं झालं.

वसंत आला. एका रविवारी नेटीनं वाटी हातात घेतली आणि चमचा न उचलता तशीच खाली ठेवली.

“पुडिंग आणत जाऊ नकोस, वेल्मा.”

“का गं? साखर वाढली?”

“साखर नाही. माझ्या घशाखाली उतरत नाही ते.” नेटी थांबली. “मी तुला थँक्यू म्हणून म्हणून थकले गं. आता नाही म्हणवत. त्या दोन मतांतलं एक हॉबर्टचं होतं. दुसरं माझं. मी पोस्टानं पाठवलं होतं, मतदानाच्या आधीच. हॉबर्टनं माझं बोट नेऊन चौकोनावर ठेवलं आणि फुली मी मारली. मोठी मारली, चुकायला नको म्हणून.”

बाहेर एक बस मागे येत होती. तिचा टूं टूं आवाज संपेपर्यंत वेल्मा तशीच उभी होती. काही म्हणावं म्हटलं तर म्हणायला उरलंय काय? भीती वाटली म्हणून सांगावं? भीती तर सगळ्यांनाच होती. या बाईलाही होती.

“त्या मताला किती मालक होते, ठाऊक आहे?” नेटी म्हणाली आणि जरा हसलीसुद्धा. “तुझ्यासकट पाच जण सांगून गेले, ते माझं म्हणून. पाचही जणांना मी थँक्यू म्हटलं. माणूस दारात केक घेऊन उभा असला की त्याला खोटं कसं पाडायचं? आपल्याला शिकवलंच नाही ते. त्या चौघांचं मला काही वाटलं नाही, वेल्मा. शेजारी आहेत, पोटापाण्याला भितात. पण ते सगळे येऊन गेले ना, तेव्हा मी हॉबर्टला म्हटलं होतं, वेल्मा येईल आणि खरं सांगेल. तिनं मत कुणालाही दिलं असू दे, म्हटलं. तू बघच, ती सांगेल.”

नेटीनं तिला वेळ दिला. घड्याळ नव्हतं, फक्त बसेस होत्या. बराच वेळ गेला, आणि वेल्मा काही बोलत नाही हे कळल्यावर नेटीनं भिंतीला टेकवलेली काठी चाचपली आणि उठली.

“चल,” ती म्हणाली. “कंटाळा आलाय घरात. फिरवून आण.”

“माझ्याबरोबर?”

“आणि कुणाबरोबर? हॉबर्ट कामावर. एकटीला मला कुठं जाता येतंय आता?”

तिनं वेल्माचं कोपर धरलं, नेहमीसारखंच घट्ट, कारण घट्ट न धरून तिला चालण्यासारखं नव्हतं. दोघी पायऱ्या उतरल्या, डेपोच्या कडेनं निघाल्या. वेल्मा सवयीनं सांगत होती, इथं खड्डा आहे, इथं पायरी आहे, थांब, बस येतेय. आवाज तिनं नेहमीसारखा ठेवला. डोळ्यांतून पाणी गळ्यावर ओघळत होतं आणि ते तिनं पुसलंही नाही, कारण पुसायला हात हलवला असता तर नेटीला कळलं असतं. हिला आपला चेहरा दिसत नाही, बरंय, असं तिच्या मनात आलं. आणि आपल्याला हे बरं वाटलं, याची तिला झाल्या सगळ्या प्रकारापेक्षा जास्त लाज वाटली.